सिहोऱ्याच्या मंडईतला गोऱ्हा

सेवकराम हातझाडे आयुष्यात एकच शर्यत हरला, आणि ती तो धावलाच नव्हता. ही गोष्ट त्यानं बारा वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्या पोरींना त्यानं हॉकीची काठी धरायला शिकवली त्यांना तर नाहीच नाही. न सांगितल्यामुळंच सगळं एक दिवस त्याच्या अंगाशी आलं.

एकोडीच्या गोमाजी हातझाड्यांचा हा एकुलता पोरगा. पायाला भिंगरी असलेला. शेतात बापाला दुपारची शिदोरी पोचवायची तर हा कधी रस्त्यानं गेला नाही. धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे खाचरांमधल्या, वीत-दीड वीत रुंद धुऱ्यांवरून पळत जायचा, आणि हातातल्या लोटीतलं ताक सांडायचं नाही. साकोलीच्या शाळेत गेल्यावर या पळण्याला नाव मिळालं, चारशे मीटर. मग लांब उडी आली. उडीच्या खड्ड्यात रेतीऐवजी धानगिरणीतला कोंडा टाकत, त्यामुळं पोरगा उडी मारून उठला की अंगभर खाजवत बसायचा. मग बांबूची उडी. बांबू तो स्वतः निवडायचा. ओला बांबू लवतो पण फेकत नाही, उन्हात वाळलेला फेकतो पण ऐन वेळी दगा देतो, म्हणून गोठ्याच्या आढ्याला महिनाभर सावलीत टांगलेलाच घ्यायचा. कबड्डी गावातच होती. हॉकी शिकवली एका माजी फौजी मास्तरांनी, बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून आणि बांबूच्या गड्ड्याचा चेंडू करून. एकविसाव्या वर्षी तालुक्यात असा खेळ उरला नव्हता ज्यात सेवकरामचं नाव पहिलं नव्हतं. त्यातून काही मिळत नव्हतं, आणि मिळावं असं त्याला वाटतही नव्हतं. हौशी खेळाडू म्हणतात तो असा.

१९७१च्या दिवाळीत तो सिहोऱ्याला आत्याकडं गेला. भाऊबीज झाली की झाडीत, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, गावोगावी मंडई भरते. बाजार, पाळणे, पाहुणेरावळे, सोयरिकी जुळवणाऱ्यांची धावपळ, आणि दंडारीच्या नाचाचा ढोल तर थांबतच नाही. त्या वर्षी गावच्या पंचांनी मंडईत माणसांची दौड ठेवली होती. तलावाच्या पाळीला एक फेरी, पहिल्याला गोऱ्हा. सेवकरामनं चपला आत्याच्या हाती दिल्या, आणि बाकीचे पाळीच्या वळणावर दिसायच्या आत तो परतही आला. गोऱ्हा दोन दाती, पांढराशुभ्र, कपाळावर तांबडा ठिपका. तीन दिवस पायी चालवत त्यानं तो घरी आणला. गोमाजीनं गोऱ्ह्याच्या मानेवर हात फिरवला आणि पोराकडं न पाहताच म्हटलं, "इनाम हाय हा. याचं नाव इनामच."

पुढच्या जानेवारीत भंडाऱ्याला निवड चाचणी लागली. विदर्भाचा संघ दिल्लीला जायचा होता. संघटनेचे सचिव बाबुलालजी नागपूरहून आले. तरुण माणूस, कडक इस्त्रीची पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, आणि नियमाला पक्का. त्यांनी आदल्या दिवशी सगळ्या खेळाडूंकडून प्रतिज्ञापत्र भरून घेतलं. तिसरं कलम असं होतं: मी खेळासाठी पैसा अथवा किमतीची वस्तू बक्षीस म्हणून कधीही घेतलेली नाही. सेवकरामनं ते दोनदा वाचलं आणि सही केली. लबाडी त्याच्या मनात नव्हती. वस्तू म्हणजे घड्याळ, सायकल, रेडिओ. पोळ्याला ज्याच्या पायावर पाणी घालून पाया पडायचं, त्याला वस्तू म्हणायचं हे एकोडीत कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं.

चारशे मीटर त्यानं सहज जिंकली. लांब उडीत दुसरा आला. हॉकीच्या सामन्यात दोन गोल केले. संध्याकाळी यादी वाचायची होती, आणि यादीत आपलं नाव आहे हे त्याला पंचांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं होतं. तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून एक बैलबंडी आत आली.

गोमाजी. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडं, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, अर्धी टाकून, वाटेत दोन मुक्काम करत आलेला. बंडीच्या मागं इनाम बांधला होता. शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरांची माळ. सगळं मैदान वळून पाहू लागलं. सेवकरामच्या शेजारी नागपूरच्या कॉलेजातली मुलं उभी होती, खिळ्यांचे बूट घातलेली. त्यातला एक म्हणाला, "अरे, बैलबाजार इकडं कुठं आला?" आणि सगळे हसले.

फाटक तिथून दोनशे पावलं होतं. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. आणि त्या दिवशी सगळ्या विदर्भात जो सर्वांत वेगवान ठरला होता, त्या माणसानं काय केलं, तर मान फिरवली, आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसला. बूटही उसने होते.

पुन्हा मान वर केली तेव्हा बाप सचिवांच्या टेबलापाशी पोचला होता. इनामच्या पाठीवर हात ठेवून हसत सांगत होता, "माह्या पोरानं पळून जितला जी. सिहोऱ्याच्या मंडईत." बाबुलालजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कागदांच्या गठ्ठ्यातून सेवकरामचं प्रतिज्ञापत्र काढून तिसरं कलम वाचून दाखवलं. ते ऐकता ऐकता गोमाजीचं हसू हळूहळू गेलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, बैल वस्तू नोहे जी." बाबुलालजी चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाबा, जे बाजारात विकलं जातं ती वस्तूच." आणि पेनानं नाव खोडलं. दिल्लीच्या यादीतूनही, आणि संघटनेच्या हौशी खेळाडूंच्या वहीतूनही, कायमचं.

परतताना सेवकराम बापाच्या बंडीत बसला नाही, एसटीनं गेला. बापानं अडाणीपणानं पोराचा घात केला, असं गाव म्हणू लागलं. सेवकरामनं गावाला कधी अडवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण माणूस तसा सरळ होता, पण एवढ्या एका बाबतीत त्यानं बापावर बारा वर्षं अन्याय होऊ दिला. इनाम मोठा झाला, नांगराला लागला, बांध्यांमधून चिखल तुडवू लागला. तो दारात दिसला की सेवकराम मागच्या दारानं बाहेर पडायचा. बापलेकांत बोलणं उरलं ते फक्त धानाच्या रोपांचं, परह्याचं, आणि पाण्याचं.

पुढं तो पीटीचा कोर्स करून सानगडीच्या शाळेत शिक्षक झाला. तिथं त्यानं मुलींची हॉकी सुरू केली, कारण मुलांना कबड्डी सोडून काही नको होतं आणि मुलींना तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. गावात कुजबुज झाली, पोट्ट्या काठ्या घेऊन उंडारतात म्हणून. सेवकराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. सानगडीत विणकरांची वस्ती मोठी. त्यांच्या पोरी लहानपणापासून मागाजवळ बसून कांड्या भरणाऱ्या, मनगटानं चपळ. काठीची मूठ घसरू नये म्हणून त्या तिच्यावर उरलेलं सूत गुंडाळत आणि वरून खळ चोपडत. चार वर्षांत हा संघ जिल्ह्यात पहिला आला. शिक्षक म्हणून सेवकराम कडक, पण त्याचा एक नियम मात्र कुणालाच उमगत नव्हता. सराव असो की सामना, मैदानावर पालक आलेला चालायचा नाही. कुणाचा बाप कुंपणाशी उभा दिसला की तो खेळ थांबवायचा. लोक म्हणायचे, शिस्तीचा माणूस आहे.

या संघात विमला निखारे नावाची पोरगी होती. बाप नव्हता. आई आनंदाबाई एकटीनं दोन माग चालवायची. विमलाच्या काठीला चेंडू चिकटला की सुटायचा तो गोलातच. १९८४च्या जानेवारीत नागपूरहून पत्र आलं: विदर्भाच्या संघाच्या शिबिरासाठी विमलाची निवड होत आहे, प्रतिज्ञापत्र सोबत जोडलं आहे, सचिव स्वतः सानगडीला येऊन सह्या घेतील. आदल्या वर्षी या शिबिरातून गेलेल्या दोघींना रेल्वेत नोकरी लागली होती. आनंदाबाईनं सेवकरामला स्पष्ट सांगितलं होतं, "गुरुजी, नागपूरचं जमलं तं जाऊ द्या तिले. नाई जमलं तं मी वैशाखात लगन उरकतो. पाहुणे दोनदा येऊन गेले." विमला तेव्हा दाराआड उभी होती. दुसऱ्या दिवशी सरावात तिनं इतक्या जोरात चेंडू हाणला की गोलाच्या खांबाची ढलपी उडाली.

सह्यांच्या दिवशी सचिव दुपारी येणार होते. सकाळी अकराच्या सुमारास सेवकरामनं प्रतिज्ञापत्र विमलाच्या हाती दिलं. ती मैदानाच्या कडेला बसून ओठ हलवत वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"सर, पाण्याचा गुंड म्हंजे वस्तू होते काय जी?"

"कोणता गुंड?"

"दोन सालाआंधी मी मामाच्या गावी गेली होती, सिहोऱ्याले. मंडईत बायांची दौड होती. माहा पयला नंबर आला, पितळेचा गुंड भेटला. आईनं माह्या लग्नासाठी ठेवला हाय."

तेच गाव, तीच मंडई.

"नाव घातलं आहे त्यावर?"

"हो जी. मंडई सिहोरा, दौड, पयला नंबर, कुमारी विमला निखारे. भंडाऱ्याच्या कारागिरानं ठोकून देलं."

"मला काहून नाही सांगितलंस?" तो ओरडलाच.

विमला गोंधळून त्याच्याकडं पाहू लागली. "तुमी कवा इचारलेच नाई जी. घेऊ नोका म्हून बी नाई सांगतले."

दरवर्षी मंडईच्या आधी पोरींना एका ओळीत बसवून सांगता आलं असतं, की बायांनो, बक्षीस घेऊ नका, माझं असं असं झालं. पण मग बैल सांगावा लागला असता, आणि बैलामागून ते फाटक, आणि ती बुटाची नाडी.

तेवढ्यात शाळेचा चपराशी देवाजी सायकल हाकत आला. "सर, नागपूरचे साहेब आले. लवकरच्या मोटारीनं आले जी. बाजाराजवळ उतरले. म्हणे आंधी पोरीच्या घरी जातो, मायबापाची सही घेतो, मंग शाळेत येतो. विमलाचं घर इचारून राहिले होते."

"किती वेळ झाला?"

"चहा पिऊन राहिले होते. आता निंघाले असतीन."

आनंदाबाईच्या घरी आज काय चाललं असेल ते सेवकरामला डोळ्यांसमोर दिसलं. नागपूरचा साहेब लेकीसाठी घरी येतो आहे. बाईनं सकाळपासून चिंच आणि राख लावून गुंड घासला असेल. तो ओसरीवर मधोमध ठेवला असेल, अक्षरं समोर करून. आणि साहेबानं पाणी मागितलं की ती हसत सांगेल, माह्या पोरीनं पळून जितला जी. कुणाचं बोलणं कुणाच्या तोंडी येणार होतं ते त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं गेलं तर बैलबंड्या, बांगड्यांची दुकानं, माणसंच माणसं. सायकलही निघाली नसती. सेवकरामनं चपला तिथंच काढल्या, शाळेमागच्या कुंपणावरून उडी टाकली आणि बांध्यांत उतरला. धान निघून गेलेलं, बांध्यांमध्ये लाखोळीच्या डाळीचं पीक हिरवंगार पसरलेलं. तो धुऱ्यावर चढला आणि धावू लागला.

चौतीस वर्षांचा माणूस, पोट थोडं सुटलेलं. पहिल्या दोनशे पावलांतच छातीत कळ आली. धुरा एका ठिकाणी फुटला होता, तिथं त्याचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. तो उठला. लाखोळी खुडणाऱ्या बाया उभ्या राहून पाहत होत्या, एकीनं हाक मारली, "गुरुजी, काय झालं जी?" त्यानं उत्तर दिलं नाही. उजवीकडं, झाडांमधून, बाजाराचा रस्ता अधूनमधून दिसत होता, आणि त्या रस्त्यावर एक पांढरा सदरा विणकरांच्या गल्लीकडं वळताना त्याला दिसला. सदरा सावकाश चालला होता. पण त्याला फार चालायचंही नव्हतं.

सेवकराम घरामागच्या बाजूनं परसात शिरला तेव्हा ओसरीवरून आवाज येत होता, "कुणी आहे का घरात?" आणि परसातल्या विहिरीच्या काठावर आनंदाबाई उभी होती, डोक्यावर नवा पदर, दोर गुंडाळत. तिनं पाहुण्यासाठी ताजं पाणी काढलं होतं. भरलेला गुंड विहिरीच्या कठड्यावर ठेवलेला. उन्हात असा झळकत होता की ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दहा हातांवरून वाचता यावीत.

"या जी, बसा," ती पुढच्या दाराकडं तोंड करून म्हणाली. "पानी घेऊन आलीच."

समजावून सांगायला वेळ नव्हता. आतल्या खोलीत चपलांचा आवाज आला, साहेब सरळ मागंच येत होते. सेवकरामनं दोन ढांगांत विहीर गाठली आणि गुंड आत लोटला.

भरलेला गुंड तो. आवाज असा झाला की शेजारचा माग थांबला.

"अगा बाप्पा!" आनंदाबाई किंचाळली. "माह्या पोरीचा..."

आणि ती थांबली. मागच्या दारात बाबुलालजी उभे होते. केस पिकलेले, शिट्टी नव्हती, बाकी माणूस तोच. "काय पडलं?" त्यांनी विचारलं.

आनंदाबाईनं सेवकरामकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, पायातून रक्त, तोंडाला कोरड, आणि डोळ्यांत अशी विनवणी की मास्तर माणसाच्या डोळ्यांत तिनं ती कधी पाहिली नव्हती. लेकीच्या लग्नाचा गुंड त्यानं तिच्या देखत विहिरीत घातला होता. तिनं ओठ दाबले.

"हात निसटला जी माहा," ती म्हणाली. "घागर पडली. जुनीच होती."

सेवकरामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं घाम पुसल्यासारखं पुसलं.

शेजारणीच्या घरून लोटाभर पाणी आलं. तेवढ्यात विमलाही रस्त्यानं धावत, धापा टाकत येऊन पोचली आणि आईला चिकटून उभी राहिली. बाबुलालजी खाटेवर बसले, कागद मांडीवर घेतला आणि चष्म्यातून सेवकरामकडं टक लावून पाहू लागले.

"तुम्हाला मी कुठं तरी पाहिलं आहे."

"एकोडीचा हातझाडे जी. बहात्तर सालची चाचणी. भंडारा."

"बैल!" बाबुलालजी एकदम म्हणाले. "तुमचे वडील बैल घेऊन आले होते."

"हो जी."

विमला चमकून सरांकडं पाहू लागली. बाबुलालजींनी पेनाचं टोपण काढलं, पण पेन दिलं नाही.

"मग तिसरं कलम तुम्हाला पाठच असेल. पोरीच्या सहीखाली तुमचीही सही लागते. मी गावात चौकशी करत बसत नाही, तुम्हालाच विचारतो. हिनं कुठं काही घेतलं आहे?"

विमलानं तोंड उघडलं. आनंदाबाईनं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचकली.

"नाही," सेवकराम म्हणाला.

खोटं ते खोटंच. त्याला गोड नाव देण्यात अर्थ नाही, आणि सेवकरामनंही पुढं कधी दिलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटी सही करताना त्यानं कागद एकदाही वाचला नाही. बहात्तर साली खरं समजून सही केली होती, तेव्हा दोनदा वाचला होता.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. विहीर चार घरांची होती. कुणाची बादली पडली आणि कुणी गळ टाकला, तर गुंड वर येणार आणि गावभर वाचला जाणार. आनंदाबाई शेजारणींना सांगत सुटली, विहिरीत साप पाहिला म्हणून. शेवटी नागपूरचं पत्र आलं, आणि विमला पत्र्याची पेटी आणि सूत गुंडाळलेली काठी घेऊन एसटीत बसली. गाडी दिसेनाशी झाल्यावर आनंदाबाई म्हणाली, "गुरुजी, आता गुंड काढून द्या माहा."

गुंड काढायला चांगला गळ हवा, आणि पंचक्रोशीत सगळ्यात चांगला गळ होता गोमाजीकडं. भांडी विहिरीत पडली की लोक त्यालाच बोलवत. म्हणून रविवारी सेवकराम एकोडीला गेला.

गोमाजी गोठ्यात होता. इनाम आता म्हातारा झाला होता, कामातून सुटलेला. बाप त्याला भाताची पेज हातानं चाटवत होता. "कोनाचा गुंड?" त्यानं विचारलं. सेवकराम सांगू लागला, आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. मंडई, दौड, धुरे, विहीर, खोटी सही. आणि मग, खाली पाहत, बारा वर्षांपूर्वीचं.

"बा, त्या दिवशी मी तुले फाटकातच पाहिलो होतो. मी आलो नाही."

"मले मालूम हाय," गोमाजी म्हणाला. "मी हात केला होता तुले."

सेवकरामला हे माहीत नव्हतं. त्याची मान तेव्हा खाली होती.

"तू मान फिरवलीस. मी समजलो, पोराजवर शयरातले पोट्टे हाय, मी गेलो तं त्याले लाज वाटन. म्हून मी तुह्याकडे आलो नाही. तिकडं टेबलाकडं गेलो, सावलीत उभा रायलो. त्या साहेबानं इचारलं, बैल कायले आनला? मंग सांगतलं म्या." त्यानं इनामच्या तोंडाला लागलेली पेज खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. "तुह्याजवर आलो असतो तं साहेबाशी कायले बोललो असतो?"

सेवकराम गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गोमाजीनं त्याला रडू दिलं. मग भिंतीवरून गळ आणि दोर काढून खांद्यावर टाकला. "चाल आता. पितळ गाळात रुतून जाईल."

सानगडीला पोचेतो तिसरा प्रहर झाला. सुट्टीचा दिवस असूनही पोरी मैदानावर सराव करत होत्या. गोमाजी शाळेच्या फाटकाशी थांबला. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर गळ, पायांवर रस्त्याची धूळ.

"तू जाय," तो म्हणाला. "तुह्या पोट्ट्या खेळून राहिल्या. मी मागच्या वाटेनं विहिरीवर जातो."

"नाही बा," सेवकराम म्हणाला. त्यानं बापाच्या खांद्यावरून गळ काढून आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला आणि त्याला फाटकातून आत आणलं. मैदानाच्या मधोमध पोचल्यावर त्यानं शिट्टी वाजवली. पोरी काठ्या टेकवून उभ्या राहिल्या आणि आश्चर्यानं पाहू लागल्या, कारण सरांच्या मैदानात आजवर कुणाचा बाप आलेला नव्हता.

"हे माझे वडील," सेवकराम म्हणाला. "एकोडीहून आले आहेत. पाया पडा त्यांच्या, आणि मग सगळ्या इथं बसा. मला तुम्हाला एक बैल सांगायचा आहे."